येऊ का, अण्णा?

बीदरच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या, आपल्या माणसांत राहू द्या" असं सांगितलं तेव्हा नागेंद्रनं पुढं काही विचारलं नाही. बारा दिवस त्यानं दवाखान्याच्या बाकावर काढले होते. कोळारच्या गोदामातल्या नोकरीची रजा संपून चार दिवस होऊन गेले होते. डॉक्टरांच्या सुरावरूनच त्याला कळलं, की आता औषधांची चिठ्ठी मिळायची नाही.

ठाणाकुशनूरला पोचायला मंगळवारचे अकरा वाजले. त्याच्या वडिलांचं, गुंडप्पांचं, उजवं अंग लकव्यानं पार गेलं होतं. तीस वर्षं त्या हातानं पंचक्रोशीतल्या बोअरच्या जळक्या मोटारी सोलून त्यांत नवी तांब्याची तार भरली होती. आता तो हात ॲम्ब्युलन्समधून उतरवताना दुसऱ्या कुणाचा असावा तसा खाली लोंबत राहिला. नागेंद्रनं तो उचलून त्यांच्या पोटावर ठेवला.

ओसरीत बसवप्रभुकाका आधीच येऊन बसले होते. गुंडप्पांचे धाकटे भाऊ. कलबुर्गीला त्यांची डाळीची गिरण होती, आणि तिथून निघताना त्यांनी गावातल्या चार जणांना फोन करून 'दादाला घरी आणायलेत' हे कळवूनही टाकलं होतं. खाट आत लागली, नागेंद्रची आई पार्वतम्मा उशाशी बसली, तसं काकांनी नागेंद्रला बाहेर बोलावलं.

"भुवी कधी पोचायलीय?"

"ती यायली न्हाई, काका."

"न्हाई म्हणजे? कळवलास का न्हाई?"

"दवाखान्यात हायत एवढं ठावं हाय तिला."

"एवढंच? अरे, बाप चाललाय आन् पोरीला 'दवाखान्यात हायत' एवढंच सांगायलास?" काकांचा आवाज वर गेला. "आत्ता लाव फोन. म्हणावं, मिळेल त्या इमानानं ये."

"तिला येता येत न्हाई. आली तर परत जाता येत न्हाई."

हा झोपेत बोलतोय की काय, अशा नजरेनं काकांनी त्याच्याकडं पाहिलं. मग नागेंद्रला ते सगळं पुन्हा समजावून सांगावं लागलं, जे त्याच्या धाकट्या बहिणीनं, भुवनेश्वरीनं, त्याला फोनवर तीन वेळा समजावलं होतं. सहा वर्षांपूर्वी ती स्वीडनला शिकायला गेली होती आणि आता तिथंच पीएचडी करत होती. विहिरी-बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड कसं काढायचं, हा तिचा विषय. तिथं पीएचडी म्हणजे शिक्षणही आणि नोकरीही. विद्यापीठ पगार देतं. पण राहायचा आणि काम करायचा परवाना मोजक्या मुदतीचा असतो. त्याचं एक कार्ड मिळतं. तिचं कार्ड जानेवारीत संपलं. संपायच्या आधीच तिनं मुदतवाढीचा अर्ज दिला होता, त्यामुळं निकाल लागेपर्यंत तिथं राहायला आणि काम करायला आडकाठी नव्हती. फक्त एक गोष्ट करायची नव्हती. देशाबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. टाकलं की निकाल लागेपर्यंत आत घेत नाहीत.

"मग निकाल कधी?"

"कुणी सांगत न्हाई. पाच महिने झाले. तिच्यासंगं काम करणाऱ्या एका इराणी बाईला अकरा महिने लागले."

"आन् बाप मरायलाय म्हणून सांगितलं तरी?"

"इशेष परवानगी मागता येते म्हणं. तिला बी दोन-तीन हप्ते लागतात."

दाराच्या चौकटीला टेकून नागेंद्रची बायको मंजुश्री उभी होती. ती हळूच म्हणाली, "काकांचं खरं हाय. सांगून तर टाका. यायचं का न्हाई ते त्यांचं त्या बघतील."

"बघ! सुनेला कळायलंय," काका म्हणाले.

तेवढ्यात आतून पार्वतम्मा बाहेर आली. बारा दिवसांत ती कुणाशी चार वाक्यं सलग बोलली नव्हती. पदर खोचून ती दिराच्या समोर उभी राहिली.

"भावजी, पोरीला कुणी फोन करायचा न्हाई."

"वहिनी, अहो..."

"तिच्या बापानं तिला धाडताना काय सोसलंय ते मला ठावं. अख्खा गाव म्हणला, लग्न करा. तुमी बी म्हणलाव. ते एकटे म्हणले, तिला जाऊ द्या. आता दीड वरीस ऱ्हायलंय. ती आली, दोन दिस रडली आन् तिकडचं दार लागलं, तर त्यांच्या जिवाला काय वाटंल?" ती नागेंद्रकडं वळली. "तू तिला सांग, अप्पा बरे व्हायलेत."

"अव्वा, खोटं..."

"व्हय. खोटं सांग."

ती आत निघून गेली. काका मिशीवर बोट फिरवत म्हणाले, "तुमचं घर, तुमचं तुमी बघा. पण उद्या तिनं मला विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई."

फोन भुवनेश्वरीचाच आला. दुपारी अडीचला. तिकडं सकाळ होती. नागेंद्र फोन घेऊन घरामागं गोठ्याकडं गेला. स्क्रीनवर तिचा चेहरा होता, केस ओले, मागं पांढरी भिंत.

"दवाखान्यातून सोडलं म्हणं, अण्णा? मंजूवैनींचा मेसेज आला."

"व्हय. आणलं घरी."

"म्हणजे सुधारणा हाय?"

नागेंद्रनं गोठ्यातल्या म्हशीकडं पाहिलं. "हाय की. थोडं थोडं."

"बोलायलेत का?"

"आता लगीच कसं बोलतील? टाइम लागंल म्हणले डॉक्टर."

तिनं फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाली, "अण्णा, मी तिकीट काढून ठेवलंय. आजच्या रात्रीचं. संध्याकाळपर्यंत रद्द करता येतं. कार्डाचं काय व्हायचं ते होऊ दे. तू फक्त खरं सांग. येऊ का?"

नंतर कितीतरी दिवस नागेंद्र त्या घटकेकडं परत परत जात राहिला. अव्वानं सांगितलं होतं म्हणून तो बोलला, हे खरं. बहिणीचं वाटोळं होऊ नये असं त्याला वाटत होतं, हेही खरं. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं. अप्पांना स्वच्छ करणारा तो होता. त्यांच्या तोंडातून गळणारी पेज पुसणारा तो होता. ती तिकडं असताना सहा वर्षं अप्पांच्या तोंडी भुवी होती. दुकानात मोटार सोडायला आलेल्या माणसालाही ते तिच्याबद्दल सांगत. हे शेवटचे दिवस तरी माझे असू देत, असं त्याच्या मनात आलं होतं का? आलं असेल. त्यानं त्या वेळी तिथवर उतरून पाहिलं नाही.

"नको," तो म्हणाला. "तू ये म्हणण्यासारखं काही न्हाई. दिवाळीपर्यंत कार्ड येईल तुझं, तवा ये निवांत. अप्पा बी चालाय-फिराय लागतील तवर."

"नक्की?"

"तुझ्याशी खोटं बोलू का मी?"

तिचा चेहरा सैल झाला. तिनं हातानं डोळे पुसले आणि हसली. "बरं. रद्द करते मग."

बुधवारी दुपारी गुंडप्पांनी डोळे उघडले. पार्वतम्मा अंघोळीला गेली होती, खोलीत नागेंद्र एकटाच होता. त्यांचे ओठ हलले. घशात कापूस कोंबल्यासारखा आवाज आला. "भु... भु..." त्यांनी डावा हात उचलला आणि दाराकडं केला.

"यायलीय, अप्पा," नागेंद्र म्हणाला. "निघालीय ती."

त्यांनी डोळे मिटले. गुरुवारी पुन्हा एकदा उघडले, दाराकडंच पाहिलं, आणि मग दिवसभर नुसता श्वास घरघरत राहिला.

शुक्रवारी सकाळी, शेजारचे लोक दूध घालायला डेअरीवर निघाले होते तेव्हा, ती घरघर थांबली.

मठाचे स्वामी आले. लिंगायत रीतीप्रमाणे गुंडप्पांना अंघोळ घालून, विभूती लावून, पाठीला आधार देऊन बसतं केलं. तळहातात इष्टलिंग ठेवलं. गावातली माणसं येऊन पाया पडून जाऊ लागली. बायकांच्या रडण्यात पार्वतम्माचा आवाज नव्हता. ती नवऱ्याच्या समोर बसून त्यांच्या तोंडाकडं टक लावून पाहत होती.

"आता तरी सांगणार हाव का?" मंजुश्रीनं स्वयंपाकघरात नागेंद्रला गाठून विचारलं.

"सांगतो की."

"कधी? पुरल्यावर?"

"मंजू, आत्ता नको."

"तुमी तिच्यासाठी न्हाई केलं हे." ती हळू बोलत होती, पण त्याच्यावरची नजर काढत नव्हती. "तुमच्या अव्वांनी केलं असंल तिच्यासाठी. तुमी न्हाई. मी बारा वर्सं बघायलेय तुमाला."

तो बाहेर आला तेव्हा बसवप्रभुकाका अंगणाच्या कोपऱ्यात पाठमोरे उभे होते आणि त्यांच्या कानाला फोन होता. ते म्हणत होते, "व्हय बाळा. सकाळी. न्हाई... न्हाई बाळा, मंगळवारीच डॉक्टरांनी सोडून दिलं होतं. तुला कुणी सांगितलं बरे हायत म्हणून?"

नागेंद्र तिथंच थांबला. काकांनी वळून फोन त्याच्यापुढं केला. त्यानं घेतला. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "व्हिडिओ लाव. मला अप्पांना बघायचंय."

विमान, म्हणजे बसत्या देहाची पालखी, सजवून खांद्यावर घेतलं, वाजंत्री पुढं लागली, शेताच्या वाटेनं सगळे निघाले, आणि सगळी वाट मंजुश्री फोन छातीशी उभा धरून चालली. शेतात खड्डा तयार होता. गुंडप्पांना आत बसवलं, बेलाची पानं वाहिली, मीठ टाकलं. मंजुश्रीनं फोन खड्ड्यावर धरला. नागेंद्रनं पहिली मूठमाती टाकताना फोनकडं पाहिलं नाही. त्यातून आवाज येत नव्हता. तिनं तिकडचा माईक बंद केला होता.

परत येताना पार्वतम्मा अचानक वाटेतच खाली बसली. बायकांनी धरलं. तिनं नागेंद्रचा हात पकडला.

"ते दाराकडं बघायले होते," ती म्हणाली. "कालच्याला. मी बघितलं."

"अव्वा, चल घरी."

"मी म्हणलं खोटं सांग. मी बाई माणूस, मला काय कळतंय. पण तू कामून ऐकलास माझं? तू कामून ऐकलास?"

तिनं हा प्रश्न त्या दिवशी चार वेळा विचारला. घरात माणसं होती, सगळ्यांनी ऐकला. संध्याकाळी काकांनी आपल्या वहिनीला दोन घास खायला लावले, आणि त्या वेळेपासून ते तिघं एका बाजूला झाले – काका, पार्वतम्मा, मंजुश्री. कुणी ठरवून नव्हे. पण नागेंद्र ओसरीत आला की बोलणं थांबत असे.

रविवारी दुपारी घरासमोर हैदराबादच्या पासिंगची टॅक्सी थांबली. कुणालाच ठाऊक नव्हतं. भुवनेश्वरी उतरली, पाठीवर एकच बॅग. अंगणातून सरळ आत गेली आणि रिकाम्या खाटेसमोर उभी राहिली. पार्वतम्मानं तिला पाहिलं, आणि तीन दिवस न आलेला आवाज तिच्या तोंडून असा फुटला, की शेजारच्या बायका पळत आल्या.

नागेंद्र दारातच थांबला. कितीतरी वेळानं बहीण बाहेर आली. चेहरा धुतलेला होता.

"मला शेतात न्ये," ती म्हणाली.

मोटारसायकलवर दोघं गेली. मातीचा उंचवटा अजून ओला दिसत होता. ती जवळ जाऊन मांडी घालून बसली. नागेंद्र लिंबाखाली उभा राहिला. उन्हाचा चटका होता, आणि तिच्या पायांत अजून तिकडचे जाड बूट होते.

शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

"आता कामून आलीस, भुवी? जे व्हायचं होतं ते होऊन गेलं. आता काय ऱ्हायलंय हितं? तिकडचं बी घालवलंस."

तिनं मागं वळून पाहिलं नाही. "मंगळवारी निघाले असते तर गुरुवारी पोचले असते."

"व्हय."

"त्यांनी विचारलं का मला?"

इथं त्याला खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर तिचं दुःख थोडं हलकं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं. "विचारलं," तो म्हणाला. "बुधवारी. मी म्हणलं, यायलीय."

तिचे खांदे हलू लागले. तो जवळ गेला नाही. जवळ जायचा आपला हक्क राहिला नाही, एवढं त्याला कळत होतं.

"अव्वा म्हणायलीय, तिनं तुला सांगायला लावलं," बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

"लावलं. पण मी बोललाव ते मीच बोललाव. तुझ्या कार्डासाठी बोललाव असं मला वाटत होतं. आता वाटत न्हाई तसं." तो मातीच्या उंचवट्याकडं बघत म्हणाला, "ते शेवटचे चार दिस अप्पा माझ्या एकट्याचे होते. सहा वर्सांत पहिल्यांदा."

भुवनेश्वरी उठली. तिनं पॅन्टची माती झटकली नाही.

"लॅबमधल्या त्या इराणी बाईची आई गेली तवा ती गेली न्हाई. कार्डासाठी. आता ती आठवड्यातून एकदा तरी जिन्यात बसून रडते, सगळ्यांना ठावं हाय. मी तवाच ठरवलं होतं, माझ्यावर येळ आली तर मी जाईन. कार्ड जाऊ दे, पीएचडी जाऊ दे. ते माझं ठरलेलं होतं, अण्णा. तू ते माझ्याकडून काढून घेतलास." ती थांबली. "म्हणून आले. आता येऊन काही फायदा न्हाई, हे मला विमानात बसताना बी कळत होतं. पण येवढं तरी मी ठरवलं."

ती मोटारसायकलकडं चालू लागली.

अकराव्यापर्यंत ती घरातच होती आणि नागेंद्रशी कामापुरतंच बोलली. चहा झालाय. काका बोलवायलेत. पाहुणे यायचे, तिची विचारपूस करायचे. 'कधी जायलीस परत?' असं प्रत्येक जण विचारायचा, आणि ती 'बघू' म्हणायची. अंगणातल्या बाजेवर ती लॅपटॉप घेऊन बसायची. देश सोडल्याचं तिनं स्वतःच तिथल्या कचेरीला कळवलं होतं. लपवून ठेव, असं काकांनी सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "लपवायचं न्हाई, काका. बास झालं."

अकराव्याचा कार्यक्रम उरकला, स्वामी जेवून गेले, काका कलबुर्गीला निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात भुवनेश्वरीच्या फोनवर मेल आली. तिनं ती दोनदा वाचली. मग बाजेवर बसल्या बसल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत सांगितली. तिच्या गाईडनं लिहिलं होतं. वडिलांबद्दल वाईट वाटलं, असं आधी होतं. मग विद्यापीठाचं म्हणणं. परवान्याशिवाय तिला कामावर दाखवता येत नाही. जुलै महिन्यापासून पगार थांबेल. तिची जागा नोव्हेंबरअखेरपर्यंत राखून ठेवतील. त्यानंतर प्रकल्पाला थांबता येणार नाही. शेवटी, परवान्याचं काम पुढं सरकावं म्हणून तिनं कोणकोणते कागद धाडायचे, त्याची यादी होती.

पार्वतम्मानं मुलीकडं पाहिलं, मग दिराकडं, आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, नागेंद्रकडं.

"म्हणजे काय रे?" तिनं विचारलं. "ठेवतील म्हणायलेत नव्हं? जागा हाय नव्हं तिची?"

काकांनी घाईनं मान हलवली. "व्हय व्हय, वहिनी, ठेवतील की. एवढी हुशार पोरगी..."

"न्हाई, काका," नागेंद्र म्हणाला. तो पायरीवर बसला होता, तिथून उठून आईच्या समोर आला. "अव्वा, नीट ऐक. पाच महिन्यांत कार्ड आलं तर ती जाईल. आलं न्हाई तर तिथलं सगळं संपलं. चार वर्सांतलं अडीच वर्सांचं काम तिथंच ऱ्हाईल, दुसरं कुणीतरी पुरं करंल. आन् पाच महिन्यांत कार्ड येईल असं कुणीच सांगितलं न्हाई. बहुतेक येणार न्हाई."

पार्वतम्माचा चेहरा आक्रसला. तिनं पदर तोंडाला लावला. काकांनी नागेंद्रकडं रागानं पाहिलं, 'काय गरज होती' अशा नजरेनं. मंजुश्रीनं सासूच्या पाठीवर हात ठेवला.

भुवनेश्वरी नागेंद्रकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत माफी नव्हती, आणि त्यानंही तिची वाट पाहिली नाही. पण ती सरळ त्याच्या तोंडाकडं बघत होती, शेतातून आल्यापासून पहिल्यांदाच.

"परत एकदा वाच," तो तिला म्हणाला. "पहिल्यापासून. कार्डासाठी काय काय कागद लागतील ते मी लिहून घेतो."

तिनं फोन वर धरला आणि वाचायला सुरुवात केली.